अर्ध्या धवल्याचा विडा

द्वारका,

आपलं भांडण अर्धवट राहिलं. स्वयंपाक करताना मला एखादा बिनतोड मुद्दा सुचतो, आता रविवारी हिला गप्प करते असं मनात येतं, आणि मग आठवतं की तू आधीच गप्प झाली आहेस. तेही मला न विचारता. तू कधी कुणाला विचारून काही केलं आहेस म्हणा!

तुझ्या घरी आले तेव्हा सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. गेलेल्या माणसाबद्दल तशी रीतच आहे. मला मात्र तुझा राग आला होता. पदवीचं शेवटचं वर्ष निम्म्यावर आलेलं आणि हिने असं उठून जावं? मी तुमच्या पडवीत बसून मनातल्या मनात तुला फैलावर घेत होते. लोकांना वाटलं, मॅडम रडतायत. दोन्ही खरं होतं.

तू पहिल्यांदा आलीस तो रविवार मला अजून दिसतो. खांदा कॉलनीतल्या त्या शाळेत आमचं मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र दर रविवारी भरतं, आणि शाळा सुटून वर्षं लोटलेल्या मोठ्या माणसांना ‘तुम्ही काय शिकावं’ हे सांगायचं आणि पुढे इतिहास शिकवायचं काम माझ्याकडे असतं. तू दारात उभी होतीस. हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे, केसांत कालचा गजरा, डोळ्यांत झोप. कुठल्यातरी हळदीवरून थेट आली होतीस. मला वाटलं, पत्ता चुकली.

“हितं डिग्री भेटते काय?” तू विचारलंस.

भाजीवाल्याला मेथी आहे का विचारावं तसं. मी तुला बसवलं आणि माझं नेहमीचं सुरू केलं. मावशी, प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा असतो, त्यात एखादं काम हाताला लागतं. पदविका त्याहून मोठी, साधारण वर्षभराची, थोडं खोलात शिरणारी. पदवीला बारावीनंतर निदान तीन वर्षं. आधी मला सांगा, तुम्हाला हे कशासाठी हवंय? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, कारण उत्तर त्यातच असतं. बढती अडलेल्या कारकुनाला पदवीच लागते, त्याला प्रमाणपत्र देऊन उपयोग नाही. पाळणाघर काढायचंय अशा बाईला पदवीच्या मागे तीन वर्षं धाडणं म्हणजे शुद्ध छळ. आणि काही लोक नुसतं ‘सोपं काय आहे?’ एवढंच विचारतात, त्यांना मी सरळ घरी पाठवते.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “यातली मोठी कंची?”

“पदवी.”

“मंग ती.”

“शिक्षण किती झालंय तुमचं?”

“सातवी.”

मी कपाळावर हात मारला नाही एवढंच. मग बोलता बोलता कळलं की तू धवलारीण आहेस. तुमच्या आगरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नगीतं गातात, ती गाणारी. माझा चेहरा उजळला. म्हटलं, हे तर उत्तमच. लोककलेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे एका ठिकाणी, सहा महिन्यांत हातात कागद, तुम्हाला तर फारसा अभ्याससुद्धा करावा लागणार नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. एखाद्या लहान मुलाने चुकीचा पाढा म्हटल्यावर पाहावं तसं.

“जे मना येतंय त्याचा कागद मी कशाला घेव? मना येत नाय ते सांग.”

इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसते आहे. हे वाक्य मला त्याआधी कुणी ऐकवलं नव्हतं. येणाऱ्याला येतं त्याचा दाखला हवा असतो, आणि त्यात काही गैरही नाही. पण न येणाऱ्या गोष्टीची अशी भूक घेऊन, तीही हळदीच्या हातांनी, कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी तुला ‘बघू’ म्हणून वाटेला लावलं. पुढच्या रविवारी तू पुन्हा हजर. “तुमी तुमी करून मना पावनी करू नको,” असं बजावून माझ्यासमोरची खुर्ची तू जी अडवलीस ती कायमचीच.

मग मी तुला खरं ते सांगितलं. दहावी-बारावीला वळसा घालून जाणाऱ्या आडवाटा निघत असतात, पण अशी पदवी सगळीकडे चालेलच याची खात्री मी देणार नाही. सरळ रस्ता हवा असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी दे, मग बारावी, मग माझ्याकडे ये. मला वाटलं, एवढा लांबचा रस्ता ऐकून तू प्रमाणपत्रावर येशील. तू म्हणालीस, “पायऱ्या हायत ना? मंग झाला तर.”

आणि चढलीस की ग! दहावीच्या गणिताने तुझ्या नाकी नऊ आणले. एकदा आपटलीस, पुन्हा बसलीस. निकालाच्या दिवशी तू तुझ्या कोन गावाहून रिक्षाने आलीस ती थेट माझ्या घरी, गुणपत्रिका दाखवायला नव्हे, तर भूमितीचं पुस्तक मला परत करायला. “ह्याचा तोंड बघायचा नाय आथा,” म्हणालीस.

तुझा अभ्यास कसा चालतो हे मला बराच काळ माहीत नव्हतं. एकदा तू लग्नाला बोलावलंस तेव्हा उलगडा झाला. हळदीचा मांडव, डीजेच्या भिंती, पोरं घामाघूम होऊन नाचताहेत. तू उठलीस आणि नुसता हात वर केलास. डीजे बंद. एवढ्या मोठ्या आवाजाला एका हाताने थांबवणारी बाई आमच्या केंद्रात शेवटच्या बाकावर बसून ‘म्याडम, परत सांग’ म्हणते, याचं मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

तू पहिली ओळ म्हटलीस आणि तुझ्या मागे बसलेल्या तुझ्या सुनेने, दर्शनाने, ती झेलली. तेव्हा मला तुझ्याकडून कळलं की धवल्याला दोघी लागतात. पुढली ओळ टाकते, मागली ती उचलून पुन्हा म्हणते, तोवर पुढली श्वास घेते. ओळ खाली पडू द्यायची नाही. त्या दिवशी हळकुंडाच्या धुळीने म्हण की कशाने, तुझा घसा मधेच बसला. आवाजच फुटेना. मी घाबरले. दर्शनाने तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढची ओळ स्वतः उचलली आणि धवला चालू राहिला. मांडवात कुणाला काही कळलंही नाही. शेवटी यजमानीण विडा आणि साडी घेऊन आली, तेव्हा तू आधी दर्शनाला पुढे केलंस. “धवला पुरा झाला मनून विडा,” तू मला नंतर समजावलंस. “अर्ध्या धवल्याचा विडा आमच्यात कोन घेत नाय. अर्धा सोरला तर लगीनच अर्धा.”

परत येताना तू आणि दर्शना पुढे चालत होतात आणि दोघी काहीतरी गुणगुणत होतात. चाल मघाचीच. शब्द ऐकले आणि मी रस्त्यातच थांबले.

पयली आली नदी गो, मागशी आला गाव,
भाजल्या इटंवरी नाय राजाचा नाव.

तो बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा इतिहासाचा पहिला धडा होता! सिंधूकाठची शहरं, भाजलेल्या विटा, आणि तिथे राजा कोण होता ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही ही गोष्ट. मी दोन रविवार घसा कोरडा करून शिकवलेलं तू दोन ओळींत बसवलं होतंस. मी विचारलं, हे किती धड्यांचं केलंयस? तुझ्याआधी दर्शनाच वैतागून बोलली, “सगल्यांचा, म्याडम! आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या कमी आन लोकसभा जास्त वाजते. माजा पोरगा झोपताना राज्यपाल मागतंय!”

तू दहावी केलीस, बारावी केलीस, ती अशी. लिहून पाठ होत नव्हतं, गाऊन होत होतं. मी शिक्षण या विषयावर बरंच वाचलं आहे, पण त्या संध्याकाळी कोनच्या फाट्यावर उभी राहून मी जी थक्क झाले, तशी कुठल्याही पुस्तकाने झाले नाही. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

परीक्षेत त्याचा घोटाळा झालाच. उत्तरं आठवायची तर तुला गुणगुणावं लागायचं. वर्गात सगळे माना खाली घालून लिहिताहेत आणि मागून लग्नाची चाल. पर्यवेक्षक आले, “मावशी, तोंड बंद.” तू म्हणालीस, “तोंड बंद झाला का हात बंद होतंय, साहेब.” ते बिचारे माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी मधे पडून तुला पॅसेजकडच्या टोकाच्या बाकावर बसवायला लावलं. नंतर तेच पर्यवेक्षक मला हळूच विचारत होते, पुढचा पेपर कधी आहे त्यांचा?

आणि चिरनेर. तुझं माहेर. लहानपणी दर वर्षी हुतात्म्यांच्या स्मारकापाशी जंगल सत्याग्रहाची भाषणं ऐकत मोठी झालेली तू. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात त्या धड्याची वाट पाहत होतीस, आणि धडा आला तर चिरनेरला एकच ओळ. तू पुस्तक माझ्यासमोर आपटलंस. “एक ओल? एवरी मानसा गेली, त्यांची एक ओल?” मी म्हटलं, पुस्तक सगळ्या देशाचं आहे, बाई. परीक्षेत पाच गुणांच्या टिपेला तू चार पानं लिहिलीस. त्यापायी मोठा प्रश्न लिहायचा राहिला, गुण गेले. मी चिडले. तू शांतपणे शेंगदाणे सोलत म्हणालीस, “तपासनाऱ्यानं तरी वाचला असंल ना?”

आज वाटतं, त्या कुण्या अनोळखी तपासनिसाने एका दुपारी तुझी चार पानं वाचली असतील, तर तेवढ्यासाठी तरी ही सगळी यातायात झाली ते बरंच झालं.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते यंदा, तिसऱ्या वर्षाला. आता नियमच असा आहे की पदवीचं पहिलं वर्ष पुरं केलं तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, दुसरं पुरं केलं तर पदविका घेऊन. मोठ्या माणसांसाठी मला ही फार शहाणपणाची सोय वाटते. घरचं आजारपण, नोकरी, सुनेचं बाळंतपण, कधी काय आडवं येईल सांगता येत नाही. केलेलं वाया जाऊ नये. मी तुला म्हटलं, दोन वर्षं झाली आहेत, तुझी पदविका मागून ठेव. पुढचं पुढे बघू. तुझी तब्येत मला बरी दिसत नव्हती, जिना चढताना तू मधल्या पायरीवर थांबायला लागली होतीस. मी म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, द्वारका.

“अर्ध्या धवल्याचा विडा,” तू म्हणालीस आणि मान हलवलीस.

“हे लग्न नाहीये! हा अभ्यासक्रम आहे!”

“तुना काय ठावं लगीन काय असतंय. तू तर रजिस्टर केलंस.”

दर रविवारी तेच. मी चिडून पुन्हा माझा जुना प्रश्न काढायची. कशासाठी पण? नोकरी तुला करायची नाही, निवडणूक तुला लढवायची नाही, पदवी कशासाठी? तू कधी म्हणायचीस, काळा झगा घालून फोटो काढायचाय. कधी म्हणायचीस, भूमितीवर सूड उगवायचाय. एकदाच सरळ उत्तर दिलंस. “धवला कशासाठी मनतात? लगीन तर दोन हारांनी पन लागतंय.”

त्यावरचं माझं उत्तर तयार होतं. अगदी चोख होतं. पण तेवढ्यात सत्राची घंटा झाली, तू वही उचलून वर्गात गेलीस, आणि पुढच्या रविवारी तुझी खुर्ची रिकामी होती. मी चुकीचा सल्ला देत होते असं मी अजूनही म्हणणार नाही. पुन्हा कुणी आलं तर त्यांना हेच सांगेन.

तर आता जे झालं ते तुला सांगायलाच हे सगळं लिहायला घेतलंय.

तुझा मुलगा परवा माझ्या घरी आला. हार घातलेल्या तुझ्या फोटोशेजारी एक जागा त्याने मोकळी ठेवली आहे. म्हणाला, “म्याडम, आईच्या दोन वर्षांचा जे काय भेटत असंल ते मिलवून द्या. फ्रेम करतो.” मी म्हटलं, मी विद्यापीठाला विनंती करते, त्यांनी मानली तर पदविका मिळेल. खरं सांगू? मला बरं वाटलं. आपल्या भांडणाचा निकाल माझ्या बाजूने लागत होता, आणि तू आडवी यायला नव्हतीस. मी अर्ज लिहिला. तुझ्या नावाआधी ‘कैलासवासी’ही लिहिलं.

काल रविवार होता. मी अर्ज पाकिटात घालत होते, आणि दर्शना आली. एकटीच. तुझ्या खुर्चीपाशी थोडा वेळ उभी राहिली, मग बसली.

“तो कागद पाठवू नका,” म्हणाली.

“अगं, पण तुझ्या नवऱ्यानेच—”

“त्यांना काय कलतंय. आत्यानं अर्ध्याचा विडा कवा घेतला नाय. आथा गेल्यावर तिच्या हातात देणार काय?” मग पदर सावरून, कामाचं बोलावं तशी म्हणाली, “आत्याचे किती पेपर ऱ्हायलेत? ते मना द्या. मी लिवते. मंग पुरी डिग्री तिच्या नावावर करा.”

मला आधी कळेचना. मग कळलं. ती काही चुकीचं मागतेय असं तिला वाटतच नव्हतं. पुढलीचा आवाज गेला की मागलीने ओळ उचलायची, सासरी आल्यापासून तिने हेच केलेलं. पदवीचंही तसंच असणार, एवढा साधा हिशोब. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, आणि मग पदर डोळ्यांना लावला असतास.

मी तिला समजावलं. जे शिकतं त्याच्याच नावावर होतं. एकाचं उरलेलं दुसऱ्याला पुरं करता येत नाही, सासूचं सुनेला नाही, आईचं लेकीला नाही. नियम माझ्या हातातले नाहीत. बोलताना मलाच ते नियम फार कोते वाटत होते. ती ऐकत होती, तुझ्यासारखीच, सगळं ऐकून घेऊन. चेहरा उतरला होता.

“मंग आत्याचा तसाच पडला काय?” तिने विचारलं.

मी पाकिटाची कड दुमडत राहिले. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

“मी बारावी हाय,” ती शेवटी म्हणाली. “मना घ्याल?”

म्हटलं, घेईन. आणि सवयीने तोंड उघडलं. प्रमाणपत्र असतं सहा महिन्यांचं, पदविका त्याहून मोठी, पदवीला... पुढे ‘कशासाठी’ विचारायचं होतं, ते काही मी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “पण दर्शना, तुला पहिल्यापासून करावं लागेल. पहिलं वर्ष, पहिला धडा. तिथून.”

“पयला तर पाठच हाय,” ती म्हणाली. “मागलीला सगला पाठ असतंय.”

आणि तिने तिथेच, फळा आणि बाकांच्या मधे, तुझ्या खुर्चीत बसून सुरू केलं. पयली आली नदी गो, मागशी आला गाव. द्वारका, आवाज तिचा होता, पण ओळ उचलायची ढब तुझी, शेवटचं अक्षर लांबवायची खोड तुझी. शेजारच्या वर्गातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मी पाकीट टेबलावर ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे आणि मी पाठवणार नाही. जिंकलीस तू. मला इतका आनंद हरण्यात कधी झाला नव्हता, आणि तू नाहीस याचं इतकं दुःखही त्याआधी झालं नव्हतं.

नदी झाली, गाव झालं, आणि दर्शना श्वासाला थांबली. आता पुढली ती होती. पुढलीने थांबायचंच असतं, मागे कुणीतरी असतं म्हणून. तिच्या मागे कुणी नव्हतं. तिने दचकून इकडेतिकडे पाहिलं.

माझा गळा कसा आहे ते तुला ठाऊक आहे. केंद्रातल्या प्रार्थनेच्या वेळी तू मला नुसते ओठ हलवायला सांगायचीस. पण ओळ खाली पडत होती, ग. मी ती उचलली.